लाइस्बेटचे बारा पौंड

१

लाइस्बेटचं वजन बारा पौंडांनी कमी भरलं, म्हणून तिला जाळायचं ठरलं.

अर्थात मेर्लडाइक गावात नाही. मेर्लडाइकची माणसं सभ्य होती, ती फक्त वजन करत. चेटकीण झाडूवर बसून उडते, म्हणजे ती हलकी असणार, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. तेव्हा जिच्यावर संशय तिला काटाघरात आणायचं, एका पारड्यात बाई, दुसऱ्यात लोखंडी वजनं. अंगापिंडाला शोभेल एवढं वजन भरलं, की गावच्या शिक्क्याचा दाखला मिळे आणि बाई सुटे. नाही भरलं, तर शुक्रवारी दुपारच्या बोटीनं नदीपलीकडे बिशपच्या कोर्टात रवानगी. मागच्या वर्षी शेजारच्या गावानं अशा चार बायका पाठवल्या होत्या. बोट वेळेवर परत आली. बायका आल्या नाहीत.

हिल्ले ही गावची दाई. तोलायच्या बाईचे कपडे उतरवून, केस मोकळे सोडून, अंगात दगडबिगड लपवलेला नाही ना हे तपासायचं काम तिच्याकडे असे. बावन्न वर्षांची, कमी बोलणारी बाई होती. तिच्या हाताचा मात्र गावाला भरवसा होता. मूल नुसतं तळहातावर घेऊन ती वजन सांगे.

त्या गुरुवारी पातळ झग्यातली लाइस्बेट पारड्याकडे निघाली, तेव्हा काटाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लाइस्बेट धुरावलेले वाम मासे विकायची. तिचं दुकान काटाघराच्या पायरीलाच टेकलेलं, आणि हसली की ते दुकानही हलायचं.

"सोडून द्या हो बाईला," चीजचे व्यापारी योर्डेनशेठ गर्दीतून पुढे येऊन म्हणाले. "वजनबिजन कशाला? मी जामीन राहतो." दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. शेठ गावातला सर्वांत भला माणूस. नुकतेच आजोबाही झाले होते.

"शेठ, वजनानंच सुटेल ती," तोलार गेरब्रांट म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी मीच तोललंय हिला. एकशे ब्याण्णव पौंड. हा दाखला. आणि तेव्हापासून बाई काही वाळलेली दिसत नाही."

लोक हसले. लाइस्बेट सर्वांत मोठ्यानं हसली.

रिकामी पारडी समोर आली. दांडी सरळ. मग लाइस्बेट चढली, आणि गेरब्रांट दहा-दहा पौंडांची वजनं दुसऱ्या पारड्यात ठेवू लागला. अठरावं ठेवलं आणि लाइस्बेट वर उचलली गेली. दांडी सरळ झाली.

एकशे ऐंशी.

गेरब्रांटनं वजनं पुन्हा मोजली. एकोणिसावं त्याच्या हातातच राहिलं होतं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

"जाड झाली आणि हलकी झाली," कोतवाल सावकाश म्हणाला. "उरलेली बाई कुठं गेली?"

२

"मला विचारू नकोस कुठं गेले ते," कोठडीत लाइस्बेट म्हणाली. "बारा पौंड कमी करायला मी काय केलं ते मलाच कळलं असतं, तर मासे विकले असते होय? तेच विकलं असतं."

"गप्प बस जरा. उठ," हिल्ले म्हणाली. तिनं लाइस्बेटच्या झग्याची शिवण पाहिली. कमरेला चार बोटं रुंद नवी पट्टी जोडलेली. "ही कधी लावलीस?"

"नाताळात. आणि इस्टरला पुन्हा. हिल्ले, मी खरंच उडत असेन का गं? झोपेत?"

"तू जिना चढतेस तेव्हा शेजारच्यांच्या बश्या वाजतात."

लाइस्बेट हसली आणि मग हसता हसता थांबली. दारात एक वाडगं होतं, वाटाण्याचं दाट सूप, वर डुकराच्या मांसाचा तुकडा. योर्डेनशेठनं पाठवलेलं.

"भला माणूस," ती म्हणाली. "सोमवारी घरी आला होता. म्हणाला, वजन करून घेऊ नकोस, बहिणीकडे निघून जा, बोटीची सोय मी करतो. मी म्हटलं, शेठ, मी निघून गेले तर लोक म्हणतील उडून गेली. आणि नवा दाखला नाही तर पलीकडच्या बाजारात मला पाय कोण ठेवू देईल? सूप पिऊन बघ ना. मला गिळवत नाही."

हिल्लेनं एक घोट घेतला. मीठ अगदी बरोबर होतं.

"उद्या दुपारी बोट आहे," लाइस्बेट हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे."

"तुझा हात काय म्हणतो?"

हिल्लेनं तिला कमरेत धरून उचलायचा प्रयत्न केला. दोघी भिंतीवर आदळल्या.

"हात म्हणतो, काटा खोटं बोलतोय," हिल्ले म्हणाली. "पण माझा हात कोर्टात चालत नाही."

३

तक्रार एब्बेलची होती. गावाबाहेर तिचा बारा गायींचा गोठा, आणि चीज असं की शहरात नाव घेतलं जाई. हिल्ले गेली तेव्हा ती चीजच्या गोळ्यांना मीठ चोळत होती. तिनं मान वर केली नाही.

"मैत्रिणीची वकिली करायला आलीस?"

"तुझी चार बाळंतपणं केलीत मी. चहाड्या ऐकायला आलेय असं समज. काय केलं तिनं?"

"चीज खाल्लं."

"किती?"

"तोंडानं नाही. वजन खाल्लं." एब्बेलनं एक गोळा तिच्यापुढे आपटला. "आईच्या साच्यात बनवते मी. आईच्या हातचा गोळा अकरा पौंड भरायचा, माझाही अकराच भरायचा. गेली दीड वर्षं काटाघरात नेला की दहा. तोच साचा, त्याच गायी. वाटेत काय आहे? लाइस्बेटचं दुकान. ती गोळ्यांकडे बघते आणि हसते."

"ती सगळ्यांकडे बघून हसते."

"मग सगळ्यांचंच खाते. विचार कुणालाही. पलीकडच्या गोठ्यातला अकराचा दहा. खालच्या आळीतली बावीसची जोडी वीस."

"सगळ्यांचं सारखंच?"

"अगदी सारखं. अकरात एक. कधी जास्त नाही, कधी कमी नाही."

हिल्ले गोळ्याकडे बघत राहिली.

"एब्बेल, चेटकीण इतकी शिस्तीची असते का? मला तर माझ्या नवऱ्यानं अर्धा गोळा चोरला तरी कधीच दोनदा सारखा चोरलेला आठवत नाही."

एब्बेलनं मीठ चोळणं थांबवलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मग गेलं.

"तू फार विचारतेस," ती म्हणाली. "दाईबाईंनाही तोलतात बरं का. दुसरीकडे सर्वांत आधी त्यांनाच तोलतात."

हिल्लेनं रुमाल डोक्याला बांधला. हे तिला ठाऊक होतं. दारातून बाहेर पडल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. एब्बेल गोळा तळहातावर घेऊन उभी होती, आणि वजनाचा अंदाज घेत होती.

४

"दीड वर्षापूर्वी काय झालं?" हिल्लेनं विचारलं.

गेरब्रांट काटाघरात एकटाच बसला होता. सकाळपासून त्यानं वजनं एकमेकांविरुद्ध किती वेळा तोलली होती कुणास ठाऊक. दोन्ही पारड्यांत नऊ-नऊ ठेवलेली, दांडी सरळ.

"दीड वर्षापूर्वी? नवी वजनं आली. जुनी स्पॅनिश शिपायांनी नेली ना त्या हिवाळ्यात. तोफेचे गोळे करायला. गावचं प्रमाण वजनही नेलं. शंभर वर्षांचा कारभार कुणाच्या तरी छातीत जाऊन बसला." त्यानं एक वजन हातात घेतलं. वर गावचा शिक्का होता, एका पायावर उभा बगळा. "जुन्यांवर बगळ्याच्या चोचीत मासा असायचा. वोल्फर्ट लोहाराला मासा जमला नाही. म्हणाला, बगळा उपाशी आहे असं समजा."

"लोहारानं माप कशावरून घेतलं?"

"शहरातून नमुना आणला होता. दहा पौंडाचा एक. बोटीनं आला, एक रात्र इथं राहिला, दुसऱ्या दिवशी वोल्फर्टकडे गेला. त्यानं सगळी त्याच्याशी जुळवली, तळाच्या भोकात शिसं ओतून ओतून."

"त्या रात्री किल्ली कुणाकडे होती?"

गेरब्रांट उभा राहिला. मोठा माणूस होता, आणि उभं राहायला त्याला वेळ लागला.

"माझ्याकडे. बावीस वर्षं माझ्याकडेच आहे. पुढं बोला."

"बोट कुणाची?"

"योर्डेनशेठची. जड काही आणायचं तर दुसऱ्या कुणाची असणार? शहरात चीज घेऊन तेच जातात. नमुना परतही त्यांनीच नेला."

"म्हणजे नमुना तुझ्या हाती होता आणि त्यांच्याही हाती होता."

"हिल्लेबाई, वजनं बरोबर आहेत. बघा ना, प्रत्येक वजन दुसऱ्याशी जुळतं."

"गेरब्रांट, गावातले सगळे बेवडे एकमेकांशी जुळतात. म्हणून ते शुद्धीवर असतात का?"

तो खाली बसला. यालाही वेळ लागला. मग तो कुजबुजला, "मग मी एवढे दिवस काय तोलत होतो?"

एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. गावात खरं वजन उरलंच नव्हतं. घरात काटा किंवा शिक्क्याचं वजन ठेवायला मनाई होती, आणि शहरातून नवा नमुना आणायला तीन दिवस लागत. बोट उद्या दुपारी.

हिल्ले बाहेर आली. चर्चचं दार उघडं होतं. दर रविवारी बाळं घेऊन ती तिथंच उभी राहायची, आणि बाप्तिस्मा होईपर्यंत वाचायला समोर एकच मजकूर असायचा. पितळी तस्ताच्या काठावर कोरलेला. बिअरवाला यान नावाच्या कुणा बढाईखोरानं चाळीस वर्षांपूर्वी दिलेलं ते तस्त होतं. हिल्लेला मजकूर पाठ होता. तरीही ती आत जाऊन एकदा वाचून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती योर्डेनशेठच्या स्वयंपाकघरात गेली. शेठ घरी नव्हते. त्यांच्या सुनेशी, फेम्मेशी, ती थोडा वेळ बोलली. बाहेर पडली तेव्हा तिच्या टोपलीवर फडकं होतं, आणि टोपलीतून आंबट कोबीचा वास येत होता.

५

"बाप्तिस्म्याचं तस्त तोलायचं?" पाद्रीबुवा म्हणाले. "का?"

"संशय आहे," हिल्ले म्हणाली.

काटाघरात कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती. लाइस्बेट कोपऱ्यात, हात बांधलेली. धक्क्यावर बोटीचे दोर सोडायची तयारी चालली होती. कोतवालानं खिडकीतून सूर्याकडे पाहिलं.

"लवकर करा, बाई."

पाद्रीबुवांनी स्वतः तस्त आणलं, बाळासारखं छातीशी धरून. हिल्लेनं काठावरचं वाचून दाखवलं: "मला बिअरवाल्या यानने दिले. माझे वजन बावीस पौंड." मग तस्त पारड्यात ठेवलं. गेरब्रांटनं एक वजन ठेवलं, दुसरं ठेवलं. दांडी सरळ झाली.

"वीस," गेरब्रांट म्हणाला.

लोक दांडीकडे बघायला पुढे सरकले.

"तस्त दोन पौंड हलकं भरलंय," हिल्ले म्हणाली. "कायद्याप्रमाणे दुपारच्या बोटीनं पाठवावं लागेल."

"ते देवाचं आहे," पाद्रीबुवा म्हणाले. ते तस्ताच्या पुढ्यात आडवे उभे राहिले.

"मग देवाचं तस्त चेटूक करतं, की वजनं खोटी आहेत? दोनपैकी एक सांगा. मी काहीही मान्य करीन."

पाद्रीबुवांनी विचार केला. तसा फार वेळ लागला नाही. "वजनं," ते म्हणाले.

"झिजलं असेल हो," योर्डेनशेठ गर्दीतून मायेनं म्हणाले. "चाळीस वर्षं पुसतायत लोक."

"दोन पौंड झिजलं, आणि काठावरचं अक्षरही पुसलं नाही?" हिल्ले वळली. "बावीसचे वीस, शेठ. अकराचे दहा. एब्बेलच्या गोळ्यासारखंच."

गर्दीत कुठं तरी एब्बेलचा श्वास ऐकू आला.

"वजनं जड आहेत," हिल्ले म्हणाली. "दहाचं म्हणतात ते अकराचं आहे. म्हणून चीज हलकं भरतं, आणि बाईही. दीड वर्षं गावानं गोळ्यामागे एक पौंड फुकट दिला."

"कुणाला?" कोतवालानं विचारलं.

सगळे गेरब्रांटकडे बघू लागले. तो काट्याच्या खांबाला धरून उभा होता.

"मलाही काल तोच वाटला," हिल्ले म्हणाली. "किल्ली त्याच्याकडे. पण काल 'वजनानंच सुटेल' कोण म्हणालं? जुना दाखला कुणी वाचून दाखवला? वजनं खोटी आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो जुन्या वजनांचा दाखला असलेल्या बाईला कधी काट्यावर चढवील? तो तर तिला काट्यापासून दूर ठेवील. बहिणीकडे पाठवील. बोटीची सोय करील. भर काटाघरात म्हणेल, वजनबिजन कशाला."

योर्डेनशेठचा चेहरा तसाच मायाळू राहिला. फक्त हलायचा थांबला.

"मी तिला वाचवत होतो," ते म्हणाले.

"हो. तोंड न उघडता जेवढं वाचवता येईल तेवढं. नमुना तुमच्याच बोटीनं आला होता, शेठ. एक पौंड वाटेतच वाढला."

"हा निव्वळ तर्क आहे, हिल्लेबाई. गावात खरं वजनच नाही. कशाशी ताडून बघणार?"

हिल्लेनं टोपलीवरचं फडकं काढलं.

६

वास आधी पसरला, मग लोखंड दिसलं. शिपायांच्या हातून सुटलेलं दहा पौंडाचं जुनं वजन, कोबीच्या पाण्यानं काळपट. वर बगळा. बगळ्याच्या चोचीत मासा.

"तीन महिन्यांपूर्वी फेम्मेच्या बाळंतपणाला गेले होते," हिल्ले म्हणाली. "पाणी तापवायला कोबीचं पिंप सरकवायचं होतं, म्हणून कोबी दाबायला झाकणावर ठेवलेलं लोखंड उचललं. थोड्या वेळानं बाळ उचललं. हाताला दोन्ही सारखीच लागली. मी शेठना सहज म्हटलं, नातू तुमच्या पिंपावरच्या लोखंडाएवढा आहे. शेठ म्हणाले, मग दहा पौंड. आनंदाच्या भरात गावभर सांगत सुटले. मला तेव्हा वाटलं, आजोबाला सगळं आकड्यातच दिसतं. काल रात्री वाटलं, पिंपावर पडून असलेल्या लोखंडाचं वजन याला इतकं पक्कं कसं ठाऊक?"

"मामंजी त्या वजनाला कुणाला हात लावू देत नाहीत," दारातून फेम्मे म्हणाली. तिच्या कडेवर ते दहा पौंडाचं बाळ आता सोळाचं झालेलं होतं. "म्हणतात, कोबी दुसऱ्या कशानं बसत नाही."

गेरब्रांटनं जुनं वजन एका पारड्यात ठेवलं, नवं दुसऱ्यात. नवं धाडकन खाली गेलं.

"फरक किती?" कोतवालानं विचारलं.

गेरब्रांटनं लहान वजनांच्या पेटीकडे हात नेला आणि मागं घेतला. तीही त्याच लोहाराची, त्याच नमुन्यावरची.

"माझ्या दुकानातून आणा," कोपऱ्यातून लाइस्बेट म्हणाली. "लहान तीन घ्या. तीन वाम म्हणजे एक पौंड. जुन्या वजनांनी तोलून तोलून हाताला बसलंय."

तीन धुरावलेले मासे जुन्या वजनाशेजारी ठेवले. दांडी हलली, थरथरली, आणि सरळ झाली.

कोतवालानं टोपी काढली. मग काय करावं न सुचल्यानं पुन्हा घातली.

"मी कुणाचा जीव घ्यायला निघालो नव्हतो," योर्डेनशेठ म्हणाले. "मी तिला सांगितलं होतं. सोमवारी. आणि काल सूपही पाठवलं."

"मीठ बरोबर होतं," हिल्ले म्हणाली.

त्यांना नेलं त्याच कोठडीत. वाडगं अजून दारातच होतं. जाताना गर्दीतून कुणीतरी ओरडलं, यालाही तोला. कोतवालानं परवानगी दिली, कारण गर्दी फार होती. गेरब्रांटनं दहाचे अकरा धरून हिशेब केला. शेठ ज्या अंगाचे दिसत होते अगदी तेवढेच भरले. लोकांची निराशा झाली. माणूस शंभर टक्के माणूसच निघाला होता.

बोट दुपारी सुटली. रिकामी.

एब्बेल लाइस्बेटसमोर आली. तिनं बगलेतला चीजचा गोळा तिच्या हातात कोंबला.

"अकरा पौंड आहे," ती म्हणाली.

"तोलून घेऊ?" लाइस्बेट म्हणाली.

"घे."

शेवटी दाखला लिहायची वेळ आली. लाइस्बेट पुन्हा पारड्यात उभी राहिली. हात सोडलेले होते तरी तिनं ते तसेच पुढे जोडून धरले होते. अठरा वजनं, दांडी सरळ. गेरब्रांटनं बोटांवर मोजलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव पौंड. तीन वर्षांत सहा वाढले. लिहितो."

"थांबा," लाइस्बेट म्हणाली. "एकशे ब्याण्णव लिहा."

"बाई, काल तुमचे बारा पौंड कमी भरले म्हणून—"

"ते काल. हा दाखला पलीकडच्या बाजारात शंभर माणसं वाचणार आहेत."

गेरब्रांटनं लेखणी हातात धरून हिल्लेकडे पाहिलं. हिल्ले लाइस्बेटकडे बघत होती. लाइस्बेट हसायच्या बेतात होती, पण जोडलेले हात तिनं अजून सोडले नव्हते.

"पूर्ण लिही," हिल्ले म्हणाली. "एक पौंडही सोडू नकोस."

मग तिनं लाइस्बेटला हाताला धरून पारड्यातून उतरवलं, आणि पलीकडची अठरा वजनं धाडकन जमिनीवर आदळली.